श्रद्धेला उपचाराची जोड

झोप लागू लागली, भूक परतली, रडणे थांबले. एवढ्यावरून मनोरुग्ण बरा झाला असे म्हणता येईल काय? रोगाचा अभाव म्हणजेच आरोग्य नव्हे, अशी भूमिका जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४८ मध्ये अंमलात आलेल्या घटनेत नमूद आहे. मानसोपचारालाही हाच निकष लागू पडतो. लक्षणे ओसरल्यानंतर माणूस पुन्हा कामात रमतो काय, आप्तस्वकीयांत मिसळतो काय, जगण्यात त्याला अर्थ वाटतो काय, हे पाहणे तितकेच अगत्याचे असते.

नाझी छळछावण्यांतून वाचलेले व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रांकल यांनी जीवनाच्या अर्थाचा शोध हाच आपल्या उपचारपद्धतीचा पाया मानला. अनेकांच्या बाबतीत हा अर्थ धर्मश्रद्धेशी निगडित असतो. म्हणूनच रुग्णाची श्रद्धा लक्षात घेऊन उपचार करण्याची पद्धती अलीकडच्या काळात विकसित झाली आहे.

अपघातात मुलगा गमावलेल्या मातेचे उदाहरण घेऊ. औषधांनी तिला झोप येते, परंतु ‘माझ्या पापाची ही शिक्षा’ हा विचार सुटत नाही. ती घराबाहेर पडत नाही, भजनालाही जात नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट यांनी श्रद्धेची अशी दोन रूपे दाखविली आहेत. ईश्वराचा आधार वाटणे मनाला सावरते, तर ईश्वराने शिक्षा केली वा टाकून दिले ही भावना दुःख वाढविते. अशा वेळी उपचारक तिच्या देवाविषयी वाद घालीत नाही. पूर्वी कशातून बळ मिळत असे, हे तो तिला विचारतो आणि तिच्याच परंपरेतील क्षमा व करुणा यांकडे तिचे लक्ष वेधतो. ती पुन्हा भजनाला जाऊ लागली, शेजारणीच्या दुःखात धावून गेली, म्हणजे उपचार खऱ्या अर्थाने फळास आला.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. उपचारकाने आपली श्रद्धा वा अश्रद्धा रुग्णावर लादू नये, असे जागतिक मनोविकार संघटनेने २०१६ च्या निवेदनात बजावले आहे. तसेच श्रद्धा ही औषधाची जागा घेऊ शकत नाही. तामिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या परिसरातील खासगी निवासात ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत २८ मनोरुग्णांचा अंत झाला. त्यांपैकी बहुतेक साखळदंडांनी जखडलेले होते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ अन्वये रुग्णास साखळीने बांधण्यास मनाई आहे.

गावातील शिक्षक, पंचायत सदस्य व अधिकारी यांचे कार्य येथूनच सुरू होते. देवस्थानी आलेल्या रुग्णाच्या कुटुंबाची श्रद्धा न दुखविता त्यांना शासकीय रुग्णालयाची वाट दाखवावी. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. नवस फेडण्यास आलेल्या माणसाच्या हाती औषधाची चिठ्ठीही असावी. त्यात श्रद्धेला कोणताही उणेपणा येत नाही.