दाब वरून, भेग उभी! काँक्रीट आतून कसं फुटतं?

शिरोली एमआयडीसी : लोखंड ओतायच्या आधीच कास्टिंगमध्ये पोकळी कुठं राहील, हे कॉम्प्युटरवर बघता येतं. फौंड्रीत काम करणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. काँक्रीट कसं फुटेल, हेही असंच बघता येतं. घर बांधायला काढलेल्यांनी हे समजून घ्यावं.

काँक्रीट तपासायला 15 सेंटिमीटरचा चौकोनी ठोकळा भरतात. साइटवर त्याला क्यूब म्हणतात. 28 दिवसांनी तो मशीनखाली दाबतात. एम-20 काँक्रीटच्या ठोकळ्याकडून साधारण 46 टन भाराची अपेक्षा असते.

मशीन दाबतं वरून, पण भेगा पडतात उभ्या. ठोकळा दबला की बाजूला फुगू बघतो. काँक्रीट दाब भरपूर सोसतं, ताण मात्र त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढाच. त्यामुळं ते बाजूनं फाटतं.

आतली सुरुवात डोळ्याला दिसत नाही. कॉम्प्युटरमध्ये खडी, सिमेंट-वाळूचा माल आणि दोन्हींमधला सांधा वेगवेगळा मांडतात. हजारो बारीक तुकडे एकमेकांना जोडलेले असतात. भार थोडा थोडा वाढवायचा, न झेपलेला जोड तुटू द्यायचा, त्याचा भार शेजारच्यांवर टाकायचा आणि परत हिशेब करायचा. पहिल्या भेगा बहुतेक खडीच्या कडेला दिसतात. तिथला सांधा सगळ्यात कच्चा असतो. मग त्या एकमेकींना मिळून उभी मोठी भेग होते.

हा हिशेब खरा कशावरून? त्यासाठी जगभरचे अभ्यासक आपल्या शेजारचं कोयना धरण वापरतात. 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपात 103 मीटर उंचीच्या या धरणाला, मागच्या बाजूचा उतार बदलतो त्या उंचीवर, आडव्या भेगा गेल्या. तिथं ताण आला तो हादऱ्यानं. कॉम्प्युटरवरची भेग त्याच जागी येते का, हे ताडून बघतात.

आपल्या कामाचं एवढंच. माल सरकावा म्हणून जादा पाणी ओतलं की खडीभोवतीचा सांधा आणखी कच्चा होतो. कॉलमच्या रिंगा काँक्रीटला बाजूला फुगू देत नाहीत, त्यामुळं इंजिनिअरनं दिलेलं अंतर वाढवू नका. आणि पीपीसी सिमेंट असेल तर निदान 10 दिवस पाणी मारा.