आजी बोलते, पण ऐकू येत नाही!

"सर, आजीचं तोंड हालते, पण आवाजच येत नाही!"

सातवीतली माझी एक विद्यार्थिनी दारात उभी होती. हातात डीव्हीडी, मागे तिचे बाबा.

बालमित्रांनो, नागपूर जिल्ह्यातल्या आमच्या नरखेड तालुक्यात वर्धा नदीच्या काठी मोवाड नावाचं गाव आहे. ३० जुलै १९९१ रोजी नदीला महापूर आला आणि मोवाडची दोनशेहून अधिक माणसं गेली. या मुलीच्या आजीनं तो दिवस डोळ्यांनी पाहिला होता. पुढे घरातल्या एका लग्नात व्हिडिओवाला आला, तेव्हा आजीला ओसरीवर बसवून सगळी हकिकत तिच्या तोंडून सांगून घेतली. तीच ही डीव्हीडी. आज आजी नाही. डिस्कवर ओरखडे पडू लागले, म्हणून मुलीनं घरच्या संगणकावर तिची प्रत काढली. चित्र छान आलं. आवाज मात्र गायब!

"गुरुजी, मायचं बोलणं गेलं का हो?" बाबांनी विचारलं.

"मूळ डिस्क आहे ना हातात? मग घाबरू नका. आवाज कुठे अडकला ते शोधू," मी म्हणालो.

आता तुम्ही विचाराल, चित्र आलं तर आवाज मागे राहतोच कसा? त्याचं असं आहे, की डीव्हीडीवर चित्र आणि आवाज एकच नसतात. वेणीचे पेड कसे वेगवेगळे, पण एकमेकांत गुंफलेले असतात? तसंच हे. चित्राचा एक पेड, आवाजाचा दुसरा. आवाजाच्या पेडाला 'ऑडिओ ट्रॅक' म्हणतात. एका डिस्कवर असे आठ ट्रॅक मावतात. म्हणून तर एकच चित्रपट कधी हिंदीत, कधी इंग्रजीत ऐकता येतो. प्रत काढताना चित्राचाच पेड उचलला, की झाला मूकपट!

दुसरं कारण जरा गमतीचं आहे. डीव्हीडीवर आवाज एका सेकंदात ४८,००० वेळा मोजून आकड्यांत लिहिलेला असतो. प्रत्येक मोजणीला १६ बिट आणि डावा-उजवा असे दोन कान. करा गुणाकार : ४८,००० × १६ × २ = १५,३६,००० बिट, तेही एका सेकंदाला! एवढी जागा चित्रातून कशी काढायची? म्हणून पुष्कळ डिस्कवर आवाज 'डॉल्बी डिजिटल' पद्धतीनं आवळून ठेवतात. कानाला ज्याची उणीव जाणवत नाही, ते गाळतात. मग सेकंदाला १,९२,००० बिटही पुरतात. म्हणजे बरोबर आठवा हिस्सा!

पण गाठोडं बांधलं की सोडावंही लागतं. ते सोडणाऱ्या प्रोग्रॅमला 'डीकोडर' म्हणतात. संगणकातल्या प्लेअरजवळ तो नसला, तर आवाज फाइलमध्ये असूनही ऐकू येत नाही.

आम्ही चौघं संगणकासमोर बसलो. चौथी माझी मुलगी, बरं का! पायरी पायरीनं असं तपासलं :

१. स्पीकर ठीक आहे का? दुसरं एक गाणं लावलं. वाजलं. म्हणजे स्पीकर निर्दोष.

२. मूळ डिस्क बोलते का? मऊ कापडानं ती मधल्या छिद्राकडून कडेकडे, सरळ रेषेत पुसली आणि लावली. आजीचा आवाज खणखणीत आला! म्हणजे गडबड प्रतीत होती.

३. दुसऱ्या प्लेअरमध्ये काय होतं? व्हीएलसी हा फुकट मिळणारा प्लेअर. पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी १९९६ साली सुरू केलेल्या कामातून तो तयार झाला. त्याच्यात डॉल्बीचा डीकोडर असतो. यात आवाज आला असता, तर दोष नुसत्या प्लेअरचा ठरला असता. पण इथेही प्रत मुकीच!

४. ट्रॅक तरी आहे का? व्हीएलसीच्या 'ऑडिओ' यादीत 'ऑडिओ ट्रॅक' असतो. मूळ डिस्क लावली की तिथे एक ट्रॅक दिसे. प्रत लावली की एकही नाही. सापडला चोर!

प्रत लहान व्हावी म्हणून मुलीनं फाइल बदलणारा प्रोग्रॅम वापरला होता. त्यात चित्राचं पान वेगळं, आवाजाचं वेगळं. आवाजाच्या पानावर ट्रॅक निवडायचाच राहून गेला होता. आम्ही तो निवडला, आवाजाचा प्रकार 'एएसी' ठेवला आणि प्रत पुन्हा काढली. शिवाय डिस्क जशीच्या तशी उतरवणारी 'आयएसओ' फाइलही केली. तिच्यात सगळे पेड आपोआप येतात.

प्रत सुरू झाली. "पाणी आलं तवा..." आजी बोलू लागली. बाबांनी हात जोडले आणि शेवटपर्यंत कोणी उठलं नाही.

मुलांनो, 'आलम आरा' हा भारताचा पहिला बोलपट १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात लागला. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. ज्या चित्रपटानं पडद्याला बोलकं केलं, त्याचंच बोलणं हरवलं! आपल्या घरच्या आजी-आजोबांचं तसं होऊ द्यायचं का?

तर या रविवारी आईबाबांबरोबर कपाट उघडा. जुन्या डिस्क उन्हापासून, ओरखड्यांपासून जपा. नव्या संगणकाला डिस्कचं खण नसेल, तर यूएसबीला जोडायचा वेगळा ड्राइव्ह मिळतो. प्रत काढली की सुरुवात, मध्य आणि शेवट कान देऊन ऐका. दोन प्रती दोन ठिकाणी ठेवा. आणि मूळ डिस्क तरीही फेकू नका!

एक मात्र लक्षात असू द्या. हे सारं आपल्या घरच्या डिस्कसाठी. बाजारातल्या चित्रपटाचं कुलूप तोडून प्रती काढणं कायद्यात बसत नाही.