उष्णतेची वाट अडवता येते, दिशा नाही

खोलीच्या तापमानाला सिलिकॉनच्या ठोकळ्याची उष्णतावाहकता दर मीटर दर केल्विन सुमारे 150 वॅट असते. त्याच सिलिकॉनची 50 नॅनोमीटर जाडीची, खरबरीत पृष्ठभागाची तार घेतली तर हा आकडा जवळपास शंभरपटीने उतरतो. वीज मात्र तिच्यातून बऱ्यापैकी वाहत राहते. 2008 च्या जानेवारीत ‘नेचर’च्या एकाच अंकात बर्कली आणि कॅलटेक इथल्या दोन गटांनी सिलिकॉनच्या अशा तारांचे निष्कर्ष मांडले, आणि उष्माविद्युत क्षेत्रात, म्हणजे तापमानातल्या फरकातून थेट वीज बनवण्याच्या क्षेत्रात, नवी उमेद आली: त्यासाठी वीज वाहू देणारा पण उष्णता अडवणारा पदार्थच लागतो.

सिलिकॉनमधली उष्णता मुख्यतः अणूंच्या सामूहिक कंपनांतून, म्हणजे फोनॉनांमधून, पुढे जाते. यातले बरेच फोनॉन कुठेही न धडकता शेकडो नॅनोमीटर धावतात. इलेक्ट्रॉनांची धाव त्याहून खूपच आखूड. म्हणून अडथळे या दोन लांबींच्या मधल्या मापाचे ठेवले की फोनॉन अडतात आणि इलेक्ट्रॉन निसटतात. स्फटिकाच्या कडाच फोनॉनांना अडवतात, हे भौतिकशास्त्रज्ञ काझिमिर यांनी अतिथंड स्फटिकांबद्दल 1938 मध्येच लिहिले होते. पातळ थरांतून उष्माविद्युत गुणवत्ता वाढवण्याचे गणित हिक्स आणि मिल्ड्रेड ड्रेसलहाउस यांनी 1993 साली मांडले.

ही गुणवत्ता ‘झेडटी’ या आकड्याने मोजतात. वर्षानुवर्षे तो 1 च्या आसपास घुटमळत होता. 2012 मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात कनिष्क बिस्वास आणि सहकाऱ्यांनी लेड टेल्युराइडमध्ये अणूपासून कणांच्या सीमांपर्यंत सर्व मापांचे अडथळे पेरले आणि 915 केल्विनला 2.2 गाठले. पुढे बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू केंद्रात बिस्वास यांच्या गटाने कॅडमियम मिसळलेल्या सिल्व्हर अँटिमनी टेल्युराइडमध्ये 573 केल्विनला 2.6 मिळवला (2021). माझ्या मते हे दुसरे यश मोठे, कारण कारखान्यांतली वाया जाणारी उष्णता बरीचशी याच टप्प्यातली असते.

पण झेडटी म्हणजे कार्यक्षमता नव्हे. उष्माविद्युत जनित्राचे एक टोक 500 केल्विनला, दुसरे 300 ला असेल, तर कार्नोच्या नियमाने कमाल मर्यादा 40 टक्के. झेडटी 1 असताना हाती लागतात जेमतेम 8 टक्के, 2 असताना साडेबारा, 4 झाला तरी सतराच्या थोडे वर. 1977 मध्ये निघालेल्या व्हॉयेजर यानांवरची सिलिकॉन-जर्मेनियमची जनित्रे सुरुवातीला सुमारे साडेसहा टक्क्यांवर चालत होती. तिथे दुरुस्तीला कोण जाणार? हलणारा भाग नाही, हाच त्यांचा मोठा गुण.

‘उष्णतेचा डायोड’, म्हणजे एका दिशेने उष्णता अधिक सहज जाऊ देणारी रचना, म्हटले की काहींना उष्मागतिकीचा दुसरा नियम मोडल्यासारखे वाटते. 2006 मध्ये बर्कलीत एका टोकाला जड केलेल्या नॅनोनळ्यांतून एका बाजूने उष्णता किंचित सहज गेली, फरक काही टक्क्यांचा. दोन्ही वेळा ती गेली गरमाकडून थंडाकडेच. 2014 मध्ये स्टॅनफर्डच्या आश्वथ रामन आणि शानहुइ फॅन यांच्या गटाने पातळ थरांचा पृष्ठभाग भर उन्हात भोवतालच्या हवेपेक्षा 4.9 अंशांनी थंड ठेवला. तिथेही नियम अबाधित राहिला: पृष्ठभागाची उष्णता वातावरणाच्या अवरक्त ‘खिडकीतून’, म्हणजे हवा ज्यांना फारशी अडवत नाही अशा अवरक्त किरणांतून, सुमारे 3 केल्विनच्या अंतराळाकडे निघून जात होती. वीज बनवण्यापेक्षा नॅनोरचनेचा हा उपयोग मला अधिक आशादायक वाटतो, कारण उन्हाळ्यात तापणारी छपरे आपल्याकडे ढिगाने आहेत.

तेव्हा ‘वाया जाणाऱ्या उष्णतेतून फुकट वीज’ अशी जाहिरात दिसली, तर विक्रेत्याला आधी दोन्ही टोकांची तापमाने विचारा. ती सांगता येत नसतील, तर कार्यक्षमतेचा आकडा ऐकत बसू नका.