फ्रेकल्स ब्राउन : वळूच्या पाठीवरचे आयुष्य

वॉरन ग्रेंजर ब्राउन यांचा जन्म १८ जानेवारी १९२१ रोजी अमेरिकेतील वायोमिंग राज्यात व्हीटलँड येथे झाला. जग त्यांना 'फ्रेकल्स' म्हणूनच ओळखत असे. फ्रेकल्स म्हणजे चेहऱ्यावरचे तपकिरी ठिपके. हाडाचा काउबॉय, दुसऱ्या महायुद्धातला सैनिक आणि ज्या वयात इतर स्वार केव्हाच घरी बसलेले असतात त्या वयात वळूवर मांड ठोकणारा माणूस, असे त्यांचे आयुष्य होते.

काउबॉय हा मुळात पगारी गुराखी. अमेरिकेतील यादवी युद्धानंतर टेक्ससमधील गुरांचे प्रचंड कळप कॅन्ससमधील रेल्वे स्थानकांपर्यंत हाकत नेण्याचे काम हे गुराखी घोड्यावरून करत. पुढे लोहमार्ग सर्वत्र पोचले, काटेरी तारेने मोकळी कुरणे बंदिस्त केली आणि हे लांबचे प्रवास थांबले. कसब मात्र टिकले. फास टाकणे, उधळलेला घोडा काबूत आणणे ही रोजची कामे चुरशीचे खेळ बनली आणि त्यांतून 'रोडिओ' उभा राहिला. या शब्दाचे मूळ स्पॅनिश भाषेत आहे. चहूबाजूंनी घेरून गुरे एकत्र करणे, हा त्याचा जुना अर्थ.

रोडिओतील सर्वांत धोक्याचा प्रकार म्हणजे वळूवरची स्वारी. वळूच्या छातीभोवती एक चपटा, वेणीसारखा विणलेला दोर आवळलेला असतो. स्वाराने तो एकाच हाताने धरायचा. दुसरा हात हवेत मोकळा राहिला पाहिजे. तो वळूला किंवा स्वतःच्या अंगाला लागला की स्वारी बाद. खोगीर नाही, रिकीब नाही. आठ सेकंद टिकले तरच गुण मिळतात, आणि त्यांतले निम्मे स्वाराला तर निम्मे वळूच्या उसळीला दिले जातात. म्हणजे वळू जितका अवघड, तितका टिकणाऱ्याचा मान मोठा. या खेळातील बऱ्याच वळूंच्या अंगात ब्राह्मण जातीचे रक्त असते. वशिंड आणि मानेखाली लोंबणारी पोळी असलेली ही जात अमेरिकेत तयार झाली ती भारतातून गेलेल्या गीर, कांकरेज, ओंगोल आणि कृष्णाकाठच्या गुरांपासून. या स्वारांना पगार नसतो. प्रवेश शुल्क खिशातून भरायचे, स्पर्धेच्या गावाला स्वखर्चाने जायचे आणि बक्षीस मिळाले तरच कमाई. हाड मोडले तर कमाईही बंद.

ब्राउन यांनी १९३०च्या दशकात, विशीत पोचण्याआधीच, हा मार्ग धरला. महायुद्ध सुरू झाल्यावर ते लष्करात भरती झाले. पुढे 'ऑफिस ऑफ स्ट्रॅटेजिक सर्व्हिसेस' या अमेरिकेच्या युद्धकालीन गुप्तचर संघटनेत त्यांची निवड झाली आणि त्यांना हवाई छत्रीने चीनमध्ये उतरवण्यात आले. जपानशी लढणाऱ्या चिनी सैनिकांना प्रशिक्षण आणि मदत देणे हे तेथील अमेरिकी तुकड्यांचे एक प्रमुख काम होते. त्या परमुलखातही ब्राउन यांच्यातला काउबॉय गप्प बसला नाही. लष्कराची खेचरे आणि तिथली स्थानिक गुरे घेऊन सैनिकांनी रोडिओ भरवला आणि ब्राउन त्यात उतरले.

युद्धानंतर ते पुन्हा वळूंकडे वळले. ओक्लाहोमा राज्यात सोपर या गावाजवळ त्यांनी रँच, म्हणजे गुरांचा मळा, उभारला. जागतिक विजेतेपद मिळायला मात्र १९६२ साल उजाडावे लागले. तेव्हा ते ४१ वर्षांचे होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ओरेगनमधील पोर्टलंड येथे वळूवरून पडून त्यांची मान मोडली. हंगामाचे उरलेले दिवस स्पर्धेबाहेर गेले, पण विजेतेपद हंगामातील कमाईवर ठरत असे आणि त्यांची तोपर्यंतची कमाई इतकी होती की ते नसतानाही कोणी त्यांना गाठू शकले नाही. मोडलेली मान सांधल्यावर त्यांनी पुन्हा वळूची पाठ गाठली.

त्या काळी 'टॉर्नेडो' नावाच्या वळूचा दरारा होता. त्याचे मालक जिम शोल्डर्स हे स्वतः १६ जागतिक विजेतेपदे मिळवलेले स्वार. टॉर्नेडोने सुमारे २२० स्वारांना आठ सेकंदांच्या आत भुईवर लोळवले होते. १ डिसेंबर १९६७ रोजी ओक्लाहोमा सिटीत राष्ट्रीय अंतिम स्पर्धेत ब्राउन यांच्या नावाच्या चिठ्ठीला हाच वळू आला. त्यांचे वय ४६ होते. तरुण स्वार ताकदीच्या जोरावर वळूशी झुंजतो. ब्राउन यांच्याजवळ तीस वर्षांच्या अनुभवातून आलेला तोल होता. वळू कुठे वळणार हे अंगाला आधी कळावे लागते, आणि ते कळणे सरावानेच येते. आठ सेकंद झाल्याचा इशारा झाला तेव्हा ते टॉर्नेडोच्या पाठीवरच होते. प्रेक्षागृह उठून उभे राहिले आणि टाळ्यांचा कडकडाट बराच वेळ थांबला नाही.

१९७४ मध्ये, वयाच्या ५३व्या वर्षी, ब्राउन निवृत्त झाले. १९७९ मध्ये व्यावसायिक रोडिओच्या गौरवदालनात त्यांचा समावेश झाला. पण त्यांचा खरा वारसा पुढच्या पिढीत उतरला. मित्राचा मुलगा लेन फ्रॉस्ट याला त्यांनी लहानपणापासून वळूवरच्या स्वारीचे धडे दिले. २० मार्च १९८७ रोजी कर्करोगाने ब्राउन यांचे निधन झाले. त्याच वर्षअखेरीस लेन जगज्जेता झाला. पुढच्या वर्षी त्याने 'रेड रॉक'वर स्वारी टिकवली. या वळूवर त्याआधीचे ३०९ प्रयत्न फसले होते. गुरूने टॉर्नेडोवर जे केले, तेच शिष्याने रेड रॉकवर केले.

३० जुलै १९८९ रोजी वायोमिंगमधील शायेन येथे स्वारी पूर्ण करून उतरलेल्या लेनला वळूने शिंगाची धडक दिली आणि २५व्या वर्षी त्याचा मृत्यू झाला. या घटनेनंतर त्याचा मित्र कोडी लँबर्ट याने स्वारांसाठी संरक्षक जाकीट तयार केले आणि पुढे ते या खेळात सर्रास वापरले जाऊ लागले. ओक्लाहोमातील ह्यूगो गावच्या माउंट ऑलिव्हेट दफनभूमीत लेनला फ्रेकल्स ब्राउन यांच्या शेजारी पुरण्यात आले. गुरू आणि शिष्य यांची थडगी तेथे शेजारी शेजारी आहेत.