आधी रेंज, मग फोन

कराडात माझं मोबाइलचं दुकान आहे. फोन घ्यायला आलेल्याला मी आधी विचारतो, घरात रेंज कुणाची येते? परवा ढेबेवाडीकडच्या एक मावशी आल्या. मुलगा पुण्यात, त्याच्याशी बोलायला फोन हवा. म्हटलं, "मावशी, स्वयंपाकघरात उभं राहून शेजाऱ्यांच्या फोनवरून कॉल लावून बघा, मग सिम ठरवू." डोंगराकडेच्या गावात दुसरा इलाज नाही. कंपनी चुकलीच तर नंबर तोच ठेवून बदलता येते. पोर्ट लिहून पुढे आपला नंबर टाकायचा आणि १९०० ला मेसेज करायचा.

रिचार्जचा हिशेब मात्र नीट करा. २८ दिवसांचा पॅक म्हणजे वर्षाला १२ नव्हे, १३ रिचार्ज. नेट लागतच नसेल तर डेटाचे पैसे का भरायचे? नुसत्या कॉल-एसएमएसचे पॅक ठेवणं दूरसंचार नियामक 'ट्राय'ने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना बंधनकारक केलं आहे. ते हक्काने मागा.

फोन निवडताना मी मेगापिक्सेल बघत नाही, सिक्युरिटी अपडेट किती वर्षं मिळणार ते बघतो. हल्ली बँक फोनातच असते. जुना फोन घेत असाल तर *#०६# दाबा आणि दिसणारा आयएमईआय नंबर सरकारच्या 'संचार साथी' पोर्टलवर तपासा. फोन चोरीचा म्हणून ब्लॉक झालेला असेल, तर पैसे मोजण्याआधीच कळेल.