पातळी आणि परिमाण : तत्काळ जलमापनाची मर्यादा

पाण्याच्या पातळीची नोंद स्वयंचलित यंत्राने घेऊन ती दूरमापनाने तत्काळ केंद्राकडे पाठविण्याची पद्धती महाराष्ट्रात आता रुजू लागली आहे. २००६ साली सुरू झालेल्या जलविज्ञान प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात कृष्णा व भीमा या खोऱ्यांसाठी अशी यंत्रणा उभारण्यात आली. या यंत्रांनी नेमके काय मोजले जाते आणि त्यावरून नकाशा कितपत विश्वसनीय होतो, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींतील पातळी परंपरेने जानेवारी, मार्च, मे व ऑक्टोबर या महिन्यांत मोजली जाते. मे व ऑक्टोबर यांतील फरकावरून पावसाळी पुनर्भरणाचा अंदाज बांधता येतो. परंतु उथळ कातळातील जलधर पुष्कळदा पावसाळा संपण्यापूर्वीच भरून जातो व अधिक पाणी ओढ्यांत पाझरते. हा मधला चढउतार चार नोंदींत दिसत नाही. काही तासांच्या अंतराने नोंद घेणारे यंत्र तो दाखविते. त्याचा खरा लाभ हाच होय.

विहिरीतील यंत्र वस्तुतः पाण्याचा दाब मोजते. त्यावर हवेच्या दाबाचाही परिणाम होत असल्याने तो वजा करावा लागतो. हवेच्या दाबातील १ मिलिबार फरक सुमारे १ सेंटिमीटर पाण्याइतका असतो. शिवाय उपसा चालू असलेल्या विहिरीत यंत्र बसविल्यास नोंद पंपाची होते, जलधराची नव्हे. म्हणून केवळ निरीक्षणासाठी राखलेले विंधनछिद्र आवश्यक ठरते.

तथापि अचूक पातळी हाती आली तरी साठा हाती येत नाही. पातळी उतरताना खडकाच्या आकारमानाच्या किती भागाइतके पाणी गुरुत्वाकर्षणाने निथळून बाहेर येते, हे कळल्यावाचून परिमाण काढता येत नाही. झिजलेल्या बेसॉल्टमध्ये हे प्रमाण २ टक्के धरल्यास १ चौरस किलोमीटर क्षेत्रात पातळी १ मीटर उतरणे म्हणजे २०,००० घनमीटर पाणी कमी होणे होय. तापी-पूर्णेच्या खोऱ्यातील गाळाच्या थरांत ते १० टक्के धरल्यास तेवढ्याच उताराचा अर्थ १,००,००० घनमीटर होतो. यंत्रावरील आकडा एकच, परंतु पाणी पाचपट!

नदीच्या बाबतीतही हाच न्याय लागू पडतो. रडार-संवेदक पाण्याच्या पृष्ठाची उंची सांगतो. विसर्ग मात्र पातळी व विसर्ग यांचा संबंध दाखविणाऱ्या वक्रावरून काढावा लागतो. हा वक्र प्रत्यक्ष प्रवाह मोजून सिद्ध करावयाचा असतो आणि पुराने पात्र खरवडले वा गाळाने भरले की तो पुन्हा तपासावा लागतो.

नकाशा काढताना ही अडचण अधिक तीव्र होते. गाळाच्या प्रदेशात दोन विहिरींमधील पातळी गणिताने भरून काढणे बहुधा क्षम्य ठरते. बेसॉल्टमध्ये मात्र भेगा, लाव्हाच्या थरांचे सांधे व डाइक यांमुळे शेजारच्या दोन विहिरींचे पाणी परस्परांशी असंबद्ध असू शकते. अशा ठिकाणी संगणकाने रेखलेल्या सुबक समपातळी रेषा केवळ कल्पित ठरतात. आणि अशा रेषेवरून एखाद्या गावी पाणी आहे असे मानले गेले, तर उन्हाळ्यात तेथील टँकर नाकारला जाण्याचा संभव असतो. म्हणून पाणलोट क्षेत्र हे एकक धरून व भूस्तराची पाहणी करूनच नकाशा काढणे इष्ट होय.

पावसाळ्यानंतर ओढ्यात वाहणारे पाणी बव्हंशी भूजलच असते. दोन्हींचे हिशेब स्वतंत्रपणे मांडल्यास तेच पाणी दोनदा मोजले जाते. सारांश, तत्काळ मापनाने काळातील उणीव भरून निघते. स्थळातील उणीव मात्र उपसा-चाचणी, प्रवाहमापन व क्षेत्रपाहणी यांनीच भरून काढावी लागते. यंत्रांच्या संख्येबरोबर हे कामही वाढले, तरच नकाशावर विसंबून निर्णय घेणे न्याय्य ठरेल.