ठरलेली वेळ उलटून जाणारे स्नेहसंमेलन

वार्षिक स्नेहसंमेलनाच्या निमंत्रणपत्रिकेवर ‘सायंकाळी ६ ते ८’ असे छापलेले असते आणि आभारप्रदर्शन होते तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. मधल्या अडीच तासांचा भार कोणावर पडतो, याचा विचार क्वचितच होतो. अध्यक्ष मोटारीने परत जातात. पहिलीतील मूल मात्र चार वाजल्यापासून तोंडाला रंग लावून बसलेले असते व त्याचा नाच विसावा असतो. तो क्रम येण्यापूर्वीच ते आईच्या मांडीवर झोपी जाते, नाहीतर ‘वेळेअभावी’ नेमका त्याचाच नाच गाळला जातो.

वेळ जातो तो बहुधा कार्यक्रमांत नव्हे, कार्यक्रमांच्या मधल्या फटींत. वीस कार्यक्रम प्रत्येकी ५ मिनिटांचे धरले, तर १०० मिनिटे होतात आणि दोन तासांत सर्व बसेल असे वाटते. परंतु पडदा ओढणे, वेष बदलणे, पेटीवाल्याने सूर जुळविणे यांत दर खेपेस ३ मिनिटे गेली, तरी १९ खंडांची ५७ मिनिटे होतात. त्यात पाहुण्यांची वाट पाहण्यात गेलेला पाऊण तास, शाल-नारळाचे सत्कार आणि ‘वन्स मोअर’ मिळवावेत. जुनी संगीत नाटके ‘वन्स मोअर’च्या बळावर पहाटेपर्यंत चालत, हे खरे, पण तेथील श्रोत्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेस उभे राहावयाचे नसे.

रात्री १० ही मर्यादा केवळ सोयीची नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्या जागी ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सण-उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस ही मर्यादा मध्यरात्रीपर्यंत वाढविता येते. पण ते दिवस शासनाने ठरवावयाचे असतात, शाळेने नव्हेत. १९५३ साली पुण्यात सुरू झालेला सवाई गंधर्व महोत्सव एके काळी रात्रभर रंगत असे. या नियमांनंतर त्यालाही आपल्या बैठकी आवरत्या घ्याव्या लागल्या.

यास्तव काय गाळावयाचे हे आदल्या दिवशीच ठरवावे. व्यासपीठावर गडबड उडाली असता जो निर्णय होतो, तो नेहमी दुर्बळाच्या वाट्यास येतो. भाषण थांबविण्याचे धैर्य होत नाही, बालगीत मात्र सहज थांबविता येते. लहान वर्गांचे कार्यक्रम आरंभीच घ्यावेत. पाहुणे आले नसतील, तर त्यांच्यासाठी थांबू नये. ते येतील तेव्हा दोन कार्यक्रमांच्या मध्ये त्यांचे स्वागत करावे. बक्षीस समारंभ लांबण्याचे चिन्ह दिसले, तर तो दुसऱ्या दिवशीच्या परिपाठात सुखाने होतो. एका शिक्षकाकडे घड्याळाखेरीज दुसरे काम देऊ नये. वक्त्यांच्या हाती चिठ्ठी देण्याचे अप्रिय कार्य त्यानेच करावे, आणि अशी चिठ्ठी येईल हे मुख्याध्यापकांनी पाहुण्यांना आधीच नम्रपणे सांगून ठेवावे.

गावकरी वेळेवर येत नाहीत, ही तक्रार अर्धीच खरी आहे. धारा काढून, जेवणे उरकून माणसे येणार, हे ठाऊक असताना सहाची वेळ छापणे हेच मुळात चूक. त्यापेक्षा सुट्टीच्या दिवशी दुपारी उजेडात संमेलन घ्यावे. दिव्यांचा खर्च वाचतो आणि वाड्यावस्त्यांवरील मुलींना अंधारातून जावे लागत नाही.

इतके करूनही वेळ उलटलीच, तर पावणेदहाला चालू कार्यक्रम पुरा होऊ द्यावा व संमेलन तेथेच थांबवावे. उरलेल्या कार्यक्रमांची नावे वाचून ते कोणत्या दिवशी होतील ते त्याच वेळी जाहीर करावे. मग वस्तीवार यादी घेऊन प्रत्येक मूल त्याच्या पालकाच्या स्वाधीन करावे. ज्याचे कोणी आले नसेल, त्याला शेजाऱ्याबरोबर पाठविण्यापूर्वी घरी निरोप गेल्याची खात्री करून घ्यावी. राहिलेला नाच दुसऱ्या दिवशी वर्गातच, पण वेषासह करून घ्यावा. आईने रात्र जागून शिवलेला झगा असतो तो.